उसनं नाक

गुरुवार, १२ फेब्रुवारी
दुपारी, भांडी घासून झाल्यावर

प्रिय बारकीस,

आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरीच असशील असं धरून चालते.

तीन गल्ल्या सोडून राहणाऱ्या बहिणीला पत्र कसलं लिहायचं, असं तुझ्या भावोजींनी आत्ताच विचारलं. मी म्हटलं, तुम्ही तुमचा पेपर वाचा. फोन मी मुद्दामच उचलत नाहीये. तू फोनवर रडतेस, आणि तू रडलीस की मी विरघळते, ही माझी लहानपणापासूनची खोड. कागदाला तसलं काही येत नाही. शिवाय तो मध्येच "ताई, माझं ऐक तरी" असंही म्हणत नाही. लिहून झालं की हे तुझ्या दाराखालून आत सरकवून परत येईन. बेल वाजवणार नाही.

इकडची हालहवाल म्हणशील तर सासरेबुवांचा गुडघा थंडीने धरलाय. जीभ मात्र ठणठणीत आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिते. लेकीची परीक्षा तोंडावर आलीय आणि ती पुस्तक उघडं टाकून खिडकीबाहेर बघत अभ्यास करते. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय. तुझे भावोजी दुरुस्त करतो म्हणालेत, म्हणजे तो आता कायमचा गळणार.

काल संध्याकाळी मानेचं मटण केलं. मानेचे तुकडे स्वस्त मिळाले. गाजर, बटाटे आणि मूठभर घेवडा घालून मंद आचेवर झाकून ठेवलं, हाडापासून सुटेपर्यंत. आज त्याच हाडांचं पाणी काढून त्यात भात शिजवला. म्हणजे एका खरेदीत दोन दिवसांची जेवणं झाली. मसाला लावला नाही. नुसतं मीठ, मिरी आणि कांदा.

मसाला का नाही, ते तुला माहीतच आहे. पण तुला जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून हे कसं कसं झालं ते मी एकदा माझ्या बाजूने क्रमाने लिहिते. तुझ्या बाजूने ते कसं दिसत होतं, ते तुझं तू जाण.

तो ताप गेला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला, हे मी कुणापासून लपवलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कधी ते सांगता येत नाही. जिभेलाही खारट आणि आंबट एवढंच कळायचं, बाकी सगळा पुठ्ठा. एकदा दूध तळाला करपून काळं झालं आणि मी त्याच शेगडीशेजारी बसून लसूण सोलत होते. लेक बाहेरून ओरडत आली तेव्हा मला कळलं.

मला भीती वाटली ती फुलं-अत्तरांसाठी नाही गं. त्यांचा वास गेला तर गेला, खड्ड्यात. पण माझी सगळी मिजास त्या एका मसाल्यावर. आपल्या घरात चांगला तुकडा कधी आला होता? मान, नळी, बरगड्यांची टोकं, कोंबडीच्या पाठी, दुसऱ्यांनी नको म्हटलेलं सगळं आई घेऊन यायची आणि त्याला असा मसाला चोळून ठेवायची की खाणारा हाडसुद्धा सोडायचा नाही. तोच मसाला मी माझ्या संसारात लावत आले आणि कारखान्याच्या कॅन्टीनमध्येही. कॅन्टीनला कसलं मटण मंजूर होतं ते काय सांगायचं, चपलेला लावावं असलं. तरी बुधवारी माझ्या पातेल्यासमोरची रांग दारापर्यंत जायची.

आणि आपल्या मसाल्याला घड्याळ चालत नाही. धणे, जिरं, मिरी, मोहरी, बडीशेप, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा आणि वास पालटला की त्या क्षणी कढई खाली. जरा आधी उतरवली तर कच्चा, जरा उशीर झाला तर जळका. आई ढवळायची आणि तू शेजारी स्टुलावर डोळे मिटून बसायचीस. तू "आत्ता" म्हणालीस की ती कढई उतरवायची. मला डोळे मिटून बसायला कधी सांगितलं नाही तिने. माझे हात चांगले आणि तुझं नाक चांगलं, अशी वाटणी तिने तेव्हाच करून टाकली होती.

म्हणून मी तुझ्याकडे आले. "बारके, तुझं नाक उसनं दे," म्हटलं. दुसऱ्या कुणाकडे गेले नाही. नवऱ्यावर माझा विश्वास होता, पण त्यांच्या नाकावर नव्हता. त्यांना स्वतःचे मोजे कळत नाहीत.

तू आलीस. मी सगळे जिन्नस निवडून, ताटांत मांडून बसले होते. तू स्टुलावर बसलीस, डोळे मिटलेस, "आत्ता" म्हणालीस आणि मी उतरवलं. असं करत सगळं भाजलं, कुटलं, घरचा डबा भरला आणि कॅन्टीनचा मोठा डबाही. कुटताना मला जिरं काळपट दिसलं. मी विचारलं होतं, आठवतंय ना? तू म्हणालीस, यंदा जिरंच काळं आलंय, ताई. मी जन्मभर जिरं निवडतेय, आणि तू म्हणालीस म्हणून तेही मी मान्य केलं.

त्यानंतर आमच्याकडे कौतुकाचा पूर आला. तुझे भावोजी घास घेतला की "वा" म्हणायचे. लेक म्हणायची, आई, एक नंबर. तू बोटावर मसाला घेऊन चाटायचीस, डोळे मिटायचीस आणि म्हणायचीस, अगदी आईचा. माझं नाक शाबूत होतं तेव्हा माझ्या जेवणाला कोणी कधी इतकं नावाजलं नव्हतं. शंका तिथेच यायला हवी होती. आपल्याकडे जेवण चांगलं झालं तर कोण बोलतं? पातेलं रिकामं होतं, बस्स. आणि माझं पातेलं काही रिकामं होत नव्हतं. उरलेलं डब्यात घालून दोघं बापलेक दुपारसाठी घेऊन जायचे. मला वाटायचं, बघा, दुसऱ्या दिवशीसुद्धा हवं असतं यांना. ते कोपऱ्यावरच्या कुत्र्यांना जायचं, हे आता कळलं. तीही म्हणे वास घेऊन विचार करायची.

एकटे सासरेबुवा म्हणायचे, सूनबाई, जळकं लागतंय. लगेच तुझे भावोजी म्हणायचे, बाबांची जीभ गेली आता. सगळे हसायचे, मीही हसायचे. पुढे तर मी त्यांच्यासाठी वेगळा मऊ भात टाकायला लागले. म्हाताऱ्या माणसाने खरं सांगितलं, त्याचं हे बक्षीस. आता वाटतं, त्या घरात सगळ्यांत सुखाने जेवत होते ते तेच.

आता सोमवारचं सांगते. मी मटणवाल्याकडे गेले. तो तुकडे बांधता बांधता सहज म्हणाला, "वहिनी, तुम्ही दोघी बहिणी एकाच दिवशी सारखाच बेत करता का हो? बहिणीकडचं घेऊन तुमचे साहेब दोन तासांपूर्वीच गेले." त्याच्या मनात काही नव्हतं. मी पण हसून म्हटलं, हो, तसंच आहे आमचं. आणि वाटभर विचार करत आले. साहेब तर उशिरापर्यंत कामावर असतो म्हणाले होते. ते कधीपासूनचं, ते आठवायला लागले, तर बरोबर मसाला केला तेव्हापासूनचं निघालं. लेकीची संध्याकाळची शिकवणीही तेव्हापासूनचीच.

खोटं कशाला बोलू, डोक्यात जे यायचं ते सगळं येऊन गेलं. अगदी वाईटसाईटही. तुझ्या दारापर्यंत चालत येताना मी तुझं आणि तुझ्या भावोजींचं काय काय करून टाकलं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. दार लोटलेलंच होतं. बाहेर त्यांचे बूट, लेकीच्या चपला. मी आत आले आणि बघते तर तिघं टेबलाशी बसलेले, मध्ये पातेलं, आणि तुझे भावोजी पावाच्या तुकड्याने ताट पुसून खातायत.

बारके, मी त्यांना बोटं चाटताना बघितलं. किती दिवसांनी बघितलं! त्या क्षणी असं वाटलं की मघाशी मनात आलेलं वाईटसाईट खरं निघालं असतं तर परवडलं असतं. त्यात निदान भांडायला काहीतरी असतं. इथे माझा नवरा, माझी मुलगी, माझी बहीण पोटभर जेवत होती आणि मी गुन्हेगारासारखी दारात उभी.

लेकीने मला आधी बघितलं. तिला वाटलं, मी आता कोसळणार. धावत आली, हात धरला आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "आई, रागावू नकोस ना. हा तुझाच मसाला आहे. तुझा जुना, चांगला असतानाचा."

चांगला असतानाचा. त्या पोरीच्या मनात काही वाकडं नव्हतं. दर खेपेला मी तुला बरणी भरून मसाला द्यायचे, त्यातली शिल्लक तू जपून ठेवली होतीस आणि त्यातून माझ्या घरच्यांना माझ्याच हातचं जेवू घालत होतीस. मी पातेल्यातला एक तुकडा तोंडात टाकला. खारट लागला. बस्स, एवढंच. माझा स्वतःचा मसाला, आणि मला तो ओळखता आला नाही.

मग तू बोललीस. मला वाटलं होतं, तू म्हणशील, ताई, तुझ्या हातची चव गेली, तुला कसं सांगणार. ते मी ऐकून घेतलं असतं. पण तू पदराशी चाळा करत म्हणालीस, "त्या दिवशी मला सर्दी झाली होती, ताई. नाक बंद होतं. मी अंदाजाने म्हणत गेले."

म्हणजे माझे हात गेले नव्हतेच. तू सांगितलंस तेव्हा उतरवत होते मी. जिरं तुझ्या "आत्ता"ने जळलं.

सर्दी कुणाला होत नाही? आज नाक बंद आहे, पुढच्या आठवड्यात करू, एवढं म्हणायचं होतं. तुझं म्हणणं, मी इतक्या आशेने सगळं मांडून बसले होते की तुला सांगवेना. बरं. हे मी माफ केलं, मनापासून केलं. काळ्या जिऱ्याचंही केलं. तोंडातून एकदा खोटं निघालं की दुसरं त्याच्या मागोमाग येतंच. नवऱ्याचा आणि लेकीचा राग आहे, पण तो घरातला राग आहे, दोन दिवस भांडी आपटली की उतरेल. त्यांना तूच सांगितलंस ना, ताईला कळलं तर ती खचेल, गप्प राहा म्हणून? खरी गोष्ट होती सर्दीची, आणि तुम्ही सगळे मिळून मला सांभाळत बसलात. तेही सोडून देते.

एक गोष्ट मात्र मी सोमवारी तुझ्या घरी बोलले नाही. भावोजींसमोर, लेकीसमोर बोलायची नव्हती. तूही मुद्दाम त्या विषयाच्या आसपास फिरकली नाहीस. ती गोष्ट म्हणजे ठसकाबाई.

तुला ती पहिल्यापासूनच आवडत नाही. मोठ्याने बोलते, तोंडावर बोलते, म्हणून तर सगळं कॅन्टीन तिला ठसका म्हणतं. पण लग्न झाल्यावर मी नोकरीला लागले तेव्हापासून ती माझ्या शेजारच्या शेगडीवर आहे. माझं बाळंतपण असताना माझा वाटा ओढलाय तिने. तो नवा डबा उघडला आणि पहिल्याच बुधवारी ताटं अर्धी भरलेली परत आली. ती माझ्याकडे आली, डब्यात नाक घातलं आणि म्हणाली, मसाला जळलाय, बाई, फेकून दे सगळा. मी तुला विचारायला धावत आले. तू चव घेतलीस. आणि काय म्हणालीस? "छे गं, पहिल्यासारखाच आहे. तिला तुझी जागा हवी असेल, ताई."

मला सांग, हे कशासाठी? इथे माझं मन जपायचं नव्हतं. इथे तुझी सर्दी झाकायची होती. त्यासाठी तू त्या बाईला चोर ठरवलंस, आणि मी तुझं ऐकून दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिला नाही नाही ते बोलले. तिने एक शब्द उलट काढला नाही. तिने! फक्त आपली शेगडी पलीकडच्या टोकाला मागून घेतली. पुढे तक्रारी वाढल्या, तसं व्यवस्थापकांनी मला पातेल्यावरून काढून भाज्या चिरायला बसवलं. मी तिथे मान खाली घालून कांदे चिरत होते आणि मनात म्हणत होते, बघा, बारकी म्हणाली ते खरं निघालं. माझ्या पातेल्यावर कुणाला घेतलं होतं ते ठाऊक आहे? एका नव्या मुलीला. ठसकाबाईने जागा घ्यायला नकार दिला होता. हेही मला परवा कळलं.

मंगळवारी मी तिच्या घरी गेले. तिने दार उघडलं आणि "आलीस?" एवढंच म्हणाली. मी सगळं सांगितलं. माफी मागितली, ती तिने नीट ऐकूनही घेतली नाही, म्हणाली, पुढे बोल, काय करायचंय. मी म्हटलं, माझ्यासाठी वास घे. ती म्हणाली, मला वास कळतो, पण जळल्यावर.

आणि तसंच झालं. मी ढवळतेय, ती कढईत तोंड खुपसून उभी. "कच्चं. कच्चं. अजून कच्चं. गेलं, ओत." जिरं आम्ही अक्षरशः मुठीमुठीने भाजलं, म्हणजे जळलं तर मूठच जाईल. तिच्या खिडकीखाली जिऱ्याचा ढीग झाला. तिचा नवरा आत येऊन विचारून गेला की घराला आग लागलीय का. शेवटी एकदाचं जमलं. कुटून तिच्या हातावर ठेवलं. तिने चाटलं, बराच वेळ तोंड हलवत राहिली आणि म्हणाली, "खाण्यालायक आहे. तुझ्या जुन्याची सर नाही."

मी तिच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. वाईट वाटून नाही. इतक्या महिन्यांत कुणीतरी मला खरं सांगितलं, म्हणून.

ठसकाबाईने व्यवस्थापकांकडे शब्द टाकला आणि काल बुधवारी मला एक लहान पातेलं मिळालं. रांग दारापर्यंत गेली नाही. ताटं बरीचशी रिकामी आली, काही अर्धी भरलेलीच आली, तेही तिनेच मोजून सांगितलं, मी विचारायच्या आत. व्यवस्थापक म्हणाले, पुढच्या बुधवारी पुन्हा बघू. माझी जागा त्या पुढच्या बुधवारवर लटकलीय.

घरी सध्या मसाला नाही. जे आहे ते मीठ-मिरीचं, आणि सासरेबुवा आमच्याबरोबर तेच खातात. काल तुझे भावोजी घाबरत घाबरत म्हणाले, जरा फिकं झालंय. मी त्यांना आणखी एक तुकडा वाढला. तुझ्याकडे ते दोघं आता जेवायला येणार नाहीत. बोलावू नकोस.

लेकीचं म्हणणं, मावशीलाच बोलाव, तिचं नाक आता मोकळं आहे, एका कढईत काम होईल. बरोबर आहे तिचं. तुझ्या नाकाला तोड नाही, ठसकाबाई शंभर जन्म घेईल तरी तिला ते जमायचं नाही. तू आलीस तर पुढच्या बुधवारी रांग दाराबाहेर जाईल, आणि माझी जागा मला परत मिळेल. सोमवारपासून मी याच्यावरच विचार करतेय. पण बारके, तू स्टुलावर बसून "आत्ता" म्हणशील आणि मी कढई उतरवणारच नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघत राहीन, खरं बोलतेयस का म्हणून. तेवढ्यात जळेल.

तेव्हा येऊ नकोस. माझी जागा गेली तरी येऊ नकोस.

पत्राच्या शेवटी धाकट्यांना आशीर्वाद लिहायचा असतो, तो लिहिते: सुखी राहा. मनापासून लिहिलाय की नुसती रीत म्हणून, ते आता तू ओळखत बस.

तुझी ताई